चारशे सात नंबरचा पडदा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज सकाळी सगळ्यांच्या आधी दवाखान्यात पोचलो. झाडूवाली बाई अजून पायऱ्यांवरच होती. मॅडमच्या, म्हणजे नव्या डॉक्टरांच्या, खोलीची एक किल्ली माझ्याकडे असते, कारण कॅमेरा तिथल्या कपाटात ठेवतात. पण आज कपाटाला हात लावला नाही. दार लोटून घेतलं, त्यांच्या टेबलावरचं रजिस्टर उघडलं आणि जानेवारीतले डोळ्याच्या पडद्याचे पेशंट मोजले. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं तसं. दोनदा मोजले.

शंभरामागे एकवीस!

डोळ्यांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढली. मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर, डोळे येणं, डोळ्यात कुसळ जाणं, यातच दिवस जायचा. आतल्या पडद्याचा आजार म्हणजे शंभरात पाच. तसा पेशंट निघाला की जुने डॉक्टर चुकचुकायचे. आता दुपारपर्यंतच पाच होतात, आणि चुकचुकायला कोणाला वेळ नाही.

माणसांचे डोळे वर्षभरात बदलत नाहीत. बदलल्या त्या डॉक्टर.

रजिस्टर होतं तसं ठेवलं. त्याच्यावरचं पेन डावीकडे होतं की उजवीकडे, ते मात्र आठवेना. दिवसभर तेच मनात.

बुधवार, ५ फेब्रुवारी

"काय थेंबराव, आज किती जणांना आंधळं करून सोडलंत?" चष्मेवाल्याची रोजची सलामी. त्याचं दुकान आमच्या फाटकालगत. थेंबराव हे नाव त्यानेच पाडलं. बाहुली मोठी करायचे थेंब पेशंटच्या डोळ्यांत घालायचे, अर्धा तास बाकावर बसवायचं, मग डॉक्टरांकडे सोडायचं, हे माझं मूळ काम. थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सोसत नाही. म्हणून जुने डॉक्टर म्हणायचे, "गरज वाटेल त्यालाच घाल रे. तुला कळतं आता." मॅडम आल्यापासून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला थेंब. शुगरवाल्याला तर वय न बघता.

एकवीसचा आकडा त्याला सांगितला. सांगायला नको होता. तो काउंटरवरून पुढे वाकला. "कल्हईवाला दारात आला ना, की घरातली सगळी भांडी काळी दिसायला लागतात! लेझरचं मशीन आणवलंय ना बाईंनी? ते काय धूळ खायला?"

हसला तो. मी नाही हसलो. बोलणं आत जाऊन बसलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मॅडम जेवणाच्या सुट्टीत दार बंद करून फोनवर बोलत होत्या. थेंबांचा ट्रे द्यायला गेलो तर आतून ऐकू आलं — "एकवीस सर... नाही, डिसेंबरात सतरा होते... वाढतील अजून, मला खात्री आहे."

वाढतील! खात्री आहे!

ट्रे बाहेरच ठेवला आणि परत आलो. हे सर कोण? पेशंट काय दुकानातला माल आहे, की पुढच्या महिन्यात इतका खपेल म्हणून आधीच सांगावं?

सिस्टरला आडून विचारलं. ती पट्ट्या कापत होती. "दादा, तुम्ही थेंब घाला. मॅडमच्या फोनात नाक नका घालू." सिस्टरही त्यांतलीच असेल का? नसावी. पण आता कोणाचं काय सांगावं.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज उपकेंद्रावर गेलो. सोमवार आणि गुरुवार मी कॅमेऱ्याची पेटी घेऊन तिथे जातो. थेंब घालायचे, पडद्याचे फोटो काढायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा. मॅडम तिकडे येत नाहीत. त्या इथे बसून फोटो बघतात आणि ज्याच्यात काही वाटेल त्याला दवाखान्यात बोलावतात. म्हणजे माणूस न बघता नुसत्या फोटोवरून आजार! हेही मला कधी पटलं नाही.

फोटो मला आता वाचता येतात, थोडेफार. कॅमेऱ्याचं मशीन बसवायला जो माणूस आला होता त्याने शिकवताना माझ्याच दोन्ही डोळ्यांचे फोटो काढले. "काका, काय झकास आलाय! असा पाहिजे फोटो!" ते दोन फोटो छापून मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलेत. नवा फोटो काढला की त्यांच्याशी ताडून बघतो. नारिंगी गोळा, त्यात एक फिकट चकती, तिच्यातून फुटलेल्या शिरा — वडाच्या पारंब्यांसारख्या. निरोगी पडदा कसा असतो ते मला माझ्या डोळ्यांवरून पाठ झालंय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज खात्री पटली. जवळजवळ.

एक शिंपीणबाई आहे, पन्नाशीची. गेल्या गुरुवारी उपकेंद्रावर मीच तिचे फोटो काढले होते. मॅडमनी तिला आज बोलावून घेतलं आणि सांगितलं, शुगरने पडदा खराब होतोय, याच आठवड्यात लेझर करू. बाई बाहेर बाकावर येऊन बसली. हातात कागद, तोंड उतरलेलं. "दादा, मला अजून सुई ओवता येते हो. एका दमात. मग खराब कसा? आणि लेझर म्हणजे आत जाळतात का?"

मी आत जाऊन तिचा फोटो पुन्हा काढून पाहिला. बारीक तांबडे ठिपके, मधोमध थोडे पिवळसर कण. मग पेटीचं झाकण उघडलं. माझ्याही डोळ्यांत तसेच ठिपके! तसेच कण! जरा कमी-जास्त, इतकंच. केळं पिकलं की सालीवर ठिपके येतातच. म्हणून काय ते केळं सडलं?

बाहेर आलो. बाईच्या शेजारी बसलो आणि हळूच म्हणालो, "घाई करू नका. दुसरीकडे दाखवा आधी."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला फाशीवरून उतरवलं. कागद घडी करून पिशवीत टाकला आणि गेली.

संध्याकाळी देवापुढे बसलो. नाम घेत होतो, पण मन आकड्यांत. एकशे आठ मणी — त्यातले बावीस-तेवीस पडद्याचे! स्वतःचीच लाज वाटली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

केलं. शेवटी केलंच.

उपकेंद्रावर चारशे सहा नंबरपर्यंत पेशंट झाले. त्याच्यापुढे मी एक माणूस घातला. नसलेला माणूस! नाव मनाने ठोकलं. वय अठ्ठेचाळीस. पत्ता, पाण्याच्या टाकीमागे. फोन नाही. तक्रार काही नाही. आणि फोटोच्या जागी मशीनमधले माझे ते शिकाऊ फोटो उतरवले. नवी नोंद केली की मशीन तारीख आजची टाकतं.

सोन्याचा कस बघायला सराफ दगडावर रेघ ओढतो. मी माझाच डोळा दगड केला. मॅडमनी लिहिलं 'पडदा चांगला', तर मी त्यांच्यावर उगाच संशय घेतला म्हणून देवाची क्षमा मागेन, आणि पुन्हा रजिस्टरला हात लावणार नाही. 'आजार' लिहिलं तर मात्र... बघू.

नसलेल्या माणसाची नोंद करणं हे पाप आहे का? खोटं आहे, हे नक्की. पण खोटं पकडायला केलेलं खोटं!

शनिवार, १५ फेब्रुवारी

सापडल्या!

चारशे सात: दोन्ही डोळे, पडद्याचा आजार. शुगर तपासा. उजव्या डोळ्यात मध्यभागी सूज असावी. या आठवड्यात बोलवा. खाली दोनदा अधोरेखित.

माझा डोळा! ज्या डोळ्याने मी रस्त्यापलीकडची पाटी वाचतो तो! घड्याळ वाचतो, बसचा नंबर सगळ्यांच्या आधी ओळखतो. जवळच्या वाचनाला चष्मा आहे, तो या वयात कोणाला नसतो? शुगर मला कधीच नव्हती. तपासलीही नाही, कारण नव्हती.

राग आला, आणि खरं लिहायचं तर आनंदही झाला. आपण बरोबर निघालो याचा आनंद काही चांगला नसतो. पण झाला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टच्या चिटणीसांना पत्र लिहितोय. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. शेवटी साधं लिहिलं — पूर्वी शंभरात पाच, आता एकवीस; शिंपीणबाईंना लेझर सांगितलं; मी एका निरोगी माणसाचे फोटो मधे घातले, तोही आजारी ठरला. चौकशी व्हावी.

ही भाजी निवडत होती. "काय चाललंय तुमचं? पंधरा दिवस झाले, कागदाकडे असं बघताय! माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलं नाहीत."

"दवाखान्याचं काम आहे."

"मग दवाखान्यात करा. आणि तांब्या रिकामा केलात तर भरून ठेवत चला. तिसऱ्यांदा भरतेय मी."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पत्र चिटणीसांच्या हातात दिलं. परतताना पाय हलके वाटले नाहीत. वाटतील असं वाटलं होतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मॅडम आज दोनदा बाहेर आल्या. "सिस्टर, चारशे सात आले का?"

"नाही मॅडम. फोन नंबरच नाहीये त्यांचा."

"शिपायाला पाठवा ना पत्त्यावर."

शिपाई दुपारी जाऊन आला. टाकीमागे तीन गल्ल्या आहेत, त्या नावाचा माणूस एकाही गल्लीत नाही. कसा असेल! मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. चेहरा पडला त्यांचा. मी थेंबांच्या बाटल्या पुसत होतो, पुसलेल्याच पुन्हा.

हातचा पेशंट सुटला म्हणून चेहरा पडला, दुसरं काय! असंच असणार. चष्मेवालाही तेच म्हणाला, "गळाला लागलेला मासा निसटला की कोळी असाच बघतो पाण्याकडे."

मग त्याने आपलंच गाऱ्हाणं सुरू केलं. "तुमच्या थेंबांपायी माझं दुकान बसलं, थेंबराव! डोळ्यांत थेंब घातलेलं गिऱ्हाईक फ्रेम निवडेल का? आरशात स्वतःचं तोंड दिसत नाही त्याला! घरी जातं आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच दुकानात शिरतं."

तेव्हा मान डोलावली. आता लिहिताना थबकलो. म्हणजे मॅडमनी थेंब बंद केले तर याचं दुकान चालणार! हे इतके दिवस माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

पण माणूस स्वार्थी असला म्हणून त्याचं बोलणं खोटंच असतं असंही नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, "काका, गेल्या दोन-तीन वर्षांची रजिस्टरं कुठे असतात? जुन्या डॉक्टरांच्या वेळची?"

पत्राचं कळलं वाटतं यांना! जुने आकडे नाहीसे केले की पाच आणि एकवीसची तुलनाच राहणार नाही.

"माळ्यावर असतील. वाळवी लागली होती मधे. शोधावी लागतील."

"शोधा हं, प्लीज. आपल्याकडे येणाऱ्या माणसांत पडद्याचे आजार किती आहेत, ते मला नीट मोजायचंय. नुसतं वाटून उपयोग नाही, आकडा पाहिजे. आमच्या सरांना दर महिन्याला कळवते मी. ते म्हणतात, आधीचे आकडे आण, मग बोल."

फोनवरचे सर ते हे! त्यांचे शिकवणारे. असं त्या म्हणाल्या, म्हणजे खरं असेलच असं नाही.

संध्याकाळी माळ्यावरून तीन रजिस्टरं काढली, धोतराच्या कापडात गुंडाळली आणि घरी आणली. वाळवी कसली! एक पान कुरतडलेलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

चिटणीसांनी बोलावलं. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले गृहस्थ. समोरच्या माणसाला पाणी विचारायच्या आधी पुरावा विचारतात.

पत्रावर बोट ठेवलं. "हा निरोगी माणूस कोण?"

"आहे साहेब, ओळखीतला."

"निरोगी आहे हे कोणी ठरवलं?"

"त्याला काही त्रास नाही. लांबचं स्वच्छ दिसतं."

"मी त्रासाचं विचारलं नाही. ठरवलं कोणी? त्याचे डोळे कोणत्या डॉक्टरने तपासले?"

बावीस वर्षांत मी हजारो डोळ्यांत थेंब घातले. माझ्या डोळ्यांत घातले ते एकदाच, त्या मशीनवाल्याने. तोही डॉक्टर नव्हता. त्याने फोटो झकास म्हटला होता. डोळा झकास आहे असं तो म्हणालाच नव्हता.

"सात मार्चला बैठक आहे," चिटणीस म्हणाले. "मॅडमना समोर बसवू. त्या माणसालाही घेऊन या. नाहीतर हे पत्र आत्ताच परत न्या. कोणाची नोकरी जाईल अशा कागदाला ऐकीव पुरावा चालत नाही."

पत्र परत घेतलं नाही. 'आणतो' म्हणालो. का म्हणालो?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पेटीचं झाकण आज उघडवेना. उघडलं तरी फोटोंकडे बघितलं नाही. दुसऱ्या गावात एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत, सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. गेलो नाही. का गेलो नाही ते लिहायला हात धजत नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

रजिस्टरं उघडली. आपली बाजू पक्की करावी म्हणून.

गेल्या वर्षीचा जानेवारी घेतला. पडद्याचे पेशंट, शंभरात पाच. माझं म्हणणं बरोबर! मग बाजूच्या रकान्यावर नजर गेली. 'थेंब' असा रकाना आहे. तो मीच भरत असे. माझं अक्षर, गुरुजी ज्याला मोत्याचे दाणे म्हणायचे ते.

नाही. नाही. नाही. नाही. हो. नाही. नाही.

पानभर तेच. मोजलं. शंभरात बारा जणांना थेंब घातले होते. बारा! आणि त्या बारांत पाच जण पडद्याचे निघाले. यंदाच्या जानेवारीत, माझ्या हिशेबाने, शंभरात ऐंशी जणांना थेंब घातले, तेव्हा एकवीस निघाले.

उरलेल्या अठ्ठ्याऐंशी जणांचा पडदा कोणी बघितलाच नव्हता. खोलीत दिवा लावायचा नाही, आणि दारातूनच सांगायचं की आत कोणी नाही! तसं झालं हे. पाच हा आजाराचा आकडा नव्हताच. आम्ही किती जणांकडे बघितलं, त्याचा तो आकडा होता.

आणि कोणाकडे बघायचं ते ठरवत होतो मी. 'गरज वाटेल त्यालाच घाल रे.' मला गरज कशी वाटायची? जो कुरकुर करायचा त्याला. जो म्हणायचा, "शेतावर जायचंय, लवकर सोडा," त्याला मी सोडत असे. भला माणूस म्हणून नाव होतं माझं. कुठे असतील ते सगळे आता? दिसत असेल का त्यांना?

तरीही मन म्हणतं, एक चारशे सात उरतोच की. तो तरी निरोगी आहे.

आहे ना?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

रजिस्टरं मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पानं उलटून पाहिली. "वाळवी म्हणाला होतात ना?"

"नव्हती," म्हणालो.

सोमवार, ३ मार्च

सकाळी उपकेंद्रासाठी पेटी न्यायला गेलो, तेव्हा सिस्टरने सांगितलं. मॅडम काल, रविवारी, स्वतः पाण्याच्या टाकीमागे गेल्या होत्या. तिन्ही गल्ल्या फिरल्या. सिस्टर तिथेच राहते, तिने गॅलरीतून बघितलं. "उन्हात दारोदार विचारत होत्या हो, दादा! अठ्ठेचाळीस वर्षांचे गृहस्थ आहेत का, चष्मा आहे का नाही माहीत नाही. लोकांना वाटलं, खानेसुमारीवाल्या. एका आजोबांनी तर चार नावं लिहून दिली, आमची पण घाला म्हणाले!"

सिस्टर हसत होती. मी हसायचा प्रयत्न केला.

माशासाठी कोळी असा दारोदार फिरतो का?

दुपारी उपकेंद्रावरून परतल्यावर मॅडमनी आत बोलावलं. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझे दोन्ही डोळे, ताटाएवढे मोठे. त्यांनी बोटाने दाखवलं. "काका, हे बघा. या बारीक शिरा. आणि हे कण कुठे आहेत बघा, ऐन मधोमध. या माणसाला अजून स्वच्छ दिसत असेल. त्याला वाटत असेल, मला काय झालंय! म्हणून तो येत नाही. आणि एक दिवस सकाळी उठेल..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "फोटो तुम्हीच काढलात ना? चेहरा आठवतोय का काही?"

"रोज चाळीस-पन्नास चेहरे असतात, मॅडम."

"हो, तेही खरंच. चूक माझी आहे. फोन नसलेल्या माणसाला त्याच दिवशी सांगायची काहीतरी सोय मी करायला हवी होती. कुठे शोधू आता त्याला!"

तो हातभर अंतरावर उभा होता. हातात थेंबांचा ट्रे धरून.

मंगळवार, ४ मार्च

शिंपीणबाई आली. शेजारणीचा हात धरून.

"उजव्या डोळ्यात काळं जाळं उतरलंय, दादा. परवा सकाळी मशीनवर बसले होते, शाई सांडावी तसं झालं." आत रक्त सुटलं होतं. मॅडमनी तिला लगेच घेतलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागणार म्हणाल्या. डावा डोळा मात्र इथेच आजच्या आज. बोलताना त्यांचा आवाज चढला, "तीन आठवडे कुठे होता तुम्ही? कोणी अडवलं तुम्हाला?"

मी दाराशी होतो. बाईने माझ्या दिशेला मान वळवली. दिसलो की नाही, देव जाणे. मग म्हणाली, "कोणी नाही बाई. माझीच अक्कल."

बाहेर आणून बसवलं तिला. वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही माझ्या बऱ्यासाठीच सांगितलं असणार." याच्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं होतं.

घरी येऊन देवापुढे बसलो. नाम ओठावर येईना. इतकी वर्षं मागतोय, देवा, सद्बुद्धी दे, चांगलं-वाईट ओळखायची नजर दे. आणि ज्या नजरेने ओळखत होतो, तिलाच आतून वाळवी! पोखरलेल्या मापाने जगाला मापत बसलो. माझ्यासारखा दिसतो तो निरोगी, माझ्यासारखं वागतो तो भला!

बुधवार, ५ मार्च

चिटणीसांकडे गेलो. पत्र परत मागितलं.

"घाबरलात?"

"नाही साहेब. पुरावाच आजारी निघाला बहुतेक."

ते चष्म्यावरून बघत राहिले. पत्र दिलं. वर म्हणाले, "हे मी विसरू शकतो. खोटी नोंद मात्र मला विसरता येणार नाही. ती कोणी केली, ते मॅडमना कळलंच पाहिजे. कोणाच्या तोंडून कळावं, ते तुम्ही ठरवा. शुक्रवारपर्यंत."

नोकरी जाईल. बावीस वर्षं. हिला काहीच सांगितलेलं नाही. सांगायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करू? खोट्या माणसापासून, की शिंपीणबाईपासून? की तुझ्या तिसऱ्या तांब्यापासून, माझ्या या न भागणाऱ्या तहानेपासून?

पाटी अजून वाचता येते. आज येताना मुद्दाम एकेक डोळा झाकून वाचली. डाव्याने सरळ. उजव्याने मधली दोन अक्षरं किंचित वाकडी. कधीपासून, माहीत नाही.

गुरुवार, ६ मार्च

सांगितलं. चारशे सात मी. पत्र माझं. शिंपीणबाईला अडवणारा मी. एका दमात सगळं बोललो, मान खाली घालून. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आता 'निघा' म्हणणार, असं वाटलं.

त्यांनी थेंबांची बाटली उचलली आणि म्हणाल्या, "वर बघा."